यंत्रासाठी हजारो कोटी, शिकविणाऱ्यासाठी किती?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ मार्च २०२४ रोजी ‘इंडिया एआय मिशन’ मंजूर केले. पाच वर्षांत १०,३७१ कोटी ९२ लाख रुपये खर्च करण्याचे ठरले. नगरच्या कापड बाजारात त्या दिवशी या बातमीवर फारसे कोणी बोलले नाही. रमजान चार-पाच दिवसांवर आला होता. माल लावायचा होता, उधारी वसूल करायची होती. आम्हीही त्याच गडबडीत होतो. कृत्रिम बुद्धिमत्ता, जिला उर्दू वर्तमानपत्रे ‘मसनूई ज़हानत’ म्हणतात, हा बंगलोर-हैदराबादच्या शिकलेल्या लोकांचा विषय आहे, गल्ल्यावर बसणाऱ्याचा तिच्याशी काय संबंध, अशी आमची समजूत होती.

पुढच्या वर्षीच्या रमजानमध्ये ही समजूत गेली आणि जाताना आमचे पैसेही घेऊन गेली.

साठ सूटपीसांचा धडा

बाहेरगावच्या एका घाऊक व्यापाऱ्याने फोनवर नमुन्यांची चित्रे पाठविली. गडद हिरवा रंग, दोन्ही बाजूंना जरीचा काठ, काठावर बारीक बुट्टे, ओढणीवर वेल. चित्र इतके देखणे होते की दुकानातल्या मुलांनी ते पाहताच मागणी नोंदवा म्हणून गळ घातली. कापड डोळ्यांनी घेऊ नये, बोटांनी घ्यावे, हा आमच्या वडिलांचा नियम. तीस वर्षे आम्ही तो पाळला आणि त्या दिवशी मोडला. साठ नग मागविले, निम्मे पैसे आगाऊ भरले.

माल आला तेव्हा रंग साधारण जुळत होता. पोत हलका होता आणि जरीच्या काठाच्या जागी छापील पट्टी होती. फोन केला तर उत्तर मिळाले की चित्र संगणकाने बनविलेले आहे, ते फक्त अंदाजासाठी असते. ईदची गिऱ्हाईके दारात उभी असताना माल परत पाठवून नवा मागविण्यास वेळ नव्हता. आम्ही खरेदीपेक्षा कमी भावात तो काढला. अठरा हजारांचा फटका बसला.

आमच्या ओळखीचे एक चाचा आहेत. चाळीस वर्षे त्यांनी आरी आणि जरदोजीचे काम केले. आता नजर मंद झाली आहे, तरी संध्याकाळी दुकानात येऊन बसतात. त्यांना सहज ते चित्र दाखविले. चष्मा वर करून, फोन डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी पाहिले आणि म्हणाले, “डाव्या काठावर नऊ बुट्टे आहेत, उजव्या काठावर अकरा. आणि ही वेल मध्येच नाहीशी होते. हे हाताचे काम नाही आणि मागाचेही नाही.” आम्ही तीस वर्षे कापड विकले, पण बुट्टे मोजले नव्हते.

आमची भाची नगरमध्येच संगणकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने उलगडा केला. असे यंत्र लाखो चित्रे पाहते आणि कोणत्या ठिपक्याशेजारी कोणता ठिपका येतो याचा अंदाज बांधायला शिकते. उभे-आडवे धागे, सुई, माग यांची त्याला काही माहिती नसते. ती म्हणाली, “मामू, त्याने कापड पाहिलेले नाही. कापडाचे फोटो पाहिले आहेत.”

त्या संध्याकाळी दुकानात तीन माणसे होती. चाचांपाशी हुनर, भाचीपाशी नवे इल्म, आमच्यापाशी दुकान. तिघे एकत्र बसले म्हणून फसवणुकीचे कारण तरी कळले. जिथे असे तिघे एकत्र बसत नाहीत तिथे काय होत असेल? आणि सरकार जे हजारो कोटी खर्च करीत आहे, त्यातून अशी बैठक घडविण्यासाठी काही ठेवले आहे की नाही? व्यापारी माणसाला अशा प्रश्नाचे उत्तर जमाखर्चातच शोधावे लागते.

जमाखर्च काय सांगतो?

इंडिया एआय मिशनची मंजूर रक्कम सात खात्यांत वाटलेली आहे. सर्वांत मोठे खाते संगणकीय शक्तीचे, म्हणजे ‘जीपीयू’ नावाच्या महागड्या यंत्रांचे आहे. त्यासाठी ४,५६३ कोटी ३६ लाख. संशोधन केंद्रासाठी १,९७१ कोटी ३७ लाख. नव्या कंपन्यांना भांडवल म्हणून १,९४२ कोटी ५० लाख. शिक्षण आणि कौशल्यासाठी ८८२ कोटी ९४ लाख. शेती, आरोग्य अशा क्षेत्रांत प्रत्यक्ष उपयोग तयार करण्यासाठी ६८९ कोटी ५ लाख. माहितीच्या साठ्यासाठी १९९ कोटी ५५ लाख. आणि ही यंत्रे सुरक्षित व विश्वासार्ह राहावीत यासाठी २० कोटी ४६ लाख. उरलेली रक्कम किरकोळ व्यवस्थापनाची.

हाच हिशेब शंभर रुपयांवर मांडला तर ४४ रुपये यंत्राला, १९ संशोधन केंद्राला आणि जवळजवळ तितकेच नव्या कंपन्यांना जातात. माणसे शिकविण्याच्या वाट्याला साडेआठ रुपये येतात. माहिती गोळा करण्यास दोन रुपयांहून थोडे कमी. फसवणूक आणि धोका रोखण्यास वीस पैसे.

यंत्रावर खर्च करू नये, असे आम्ही म्हणत नाही. ही यंत्रे परदेशांतून येतात, प्रचंड महाग असतात आणि ती नसतील तर आपले विद्यार्थी व संशोधक परक्या कंपन्यांच्या दारात उभे राहतील. सरकारने ती तासाला शंभर रुपयांहून कमी दराने विद्यार्थ्यांना आणि छोट्या कंपन्यांना वापरावयास उपलब्ध करून दिली, हे काम चांगलेच झाले. लहान शहरांत डेटा आणि एआयच्या प्रयोगशाळा काढण्याची तरतूदही याच योजनेत आहे. पदवी आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी फेलोशिप आहेत. परंतु ज्याचे वय पंचेचाळीस आहे, जो सातवीनंतर शाळा सोडून शिलाई मशीनवर बसला, त्याला या सात खात्यांपैकी कोणत्या खात्याचे दार उघडे आहे? आम्ही शोधले, आम्हाला ते दिसले नाही.

फसव्या चित्रांबाबत एक पाऊल पडले आहे, त्याचीही नोंद घेतली पाहिजे. यंत्राने बनविलेल्या चित्रावर व चलचित्रावर तशी स्पष्ट खूण असावी, असा नियमांचा मसुदा ऑक्टोबर २०२५ मध्ये निघाला आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये नियम जाहीर झाले. हा रोख समाजमाध्यम चालविणाऱ्या कंपन्यांवर आहे. दोन व्यापाऱ्यांमध्ये फोनवरून फिरणाऱ्या नमुन्याची शहानिशा मात्र आपली आपणच केली पाहिजे.

शंभर रुपयांतले चौसष्ट पैसे

एआय हा विज्ञानाचा एक भाग झाला. एकूण विज्ञानावर देश किती खर्च करतो? सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२०-२१ मध्ये भारताने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के रक्कम संशोधनावर खर्च केली. म्हणजे शंभर रुपयांच्या उलाढालीत चौसष्ट पैसे. चीनचा खर्च अडीच रुपयांच्या वर आहे आणि दक्षिण कोरियाचा सुमारे पाच रुपये. या देशांत खर्चाचा मोठा वाटा खासगी कारखानदार उचलतात. आपल्याकडे तो भार मुख्यतः सरकारवर आहे.

हे चित्र बदलण्यासाठी दोन मोठे निर्णय झाले. २०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान’ स्थापन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटींची त्याची योजना आहे आणि त्यातला मोठा भाग सरकारबाहेरून यावा अशी अपेक्षा आहे. त्यानंतर १ जुलै २०२५ रोजी मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. तिच्यातून खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीची, कमी व्याजाची किंवा बिनव्याजी कर्जे मिळतील.

रक्कम मोठी आहे, हेतू चांगला आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. प्रयोगशाळेतून निघालेली गोष्ट दुकानापर्यंत, कारखान्यापर्यंत, शिलाई मशीनपर्यंत कशी येते? याचे उत्तर शोधण्यासाठी दिल्लीला जाण्याची गरज नाही. नगर जिल्ह्याने हा अनुभव दोनदा घेतला आहे.

चर्चिलचा माग आणि झटक्याचा धोटा

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नगर आणि भिंगार ही लुगडी विणणारी गावे होती. साळी, कोष्टी, पद्मशाली यांचे माग घरोघरी चालत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल नावाचे इंजिनिअर नगरला होते. गिरण्यांच्या कापडापुढे हातमाग टिकावा म्हणून त्यांनी येथे जलद चालणारा सुधारित माग तयार केला. ‘चर्चिल माग’ या नावाने तो नगरबाहेरही गाजला. असे सुधारित माग त्या काळात देशात इतरही अनेकांनी बनविले, प्रदर्शनांत मांडले, त्यांची वाहवा झाली.

परंतु गरीब विणकराच्या घरात शेवटी जे पोहोचले, ते यापेक्षा फार साधे होते. दोरीच्या झटक्याने इकडून तिकडे पळणारा धोटा. इंग्लंडमध्ये जॉन के याने तो १७३३ मध्ये काढला होता. त्यासाठी नवा माग घ्यावा लागत नाही. आहे त्याच मागाला थोडी जोडणी केली की काम होते. खर्च थोडा आणि दिवसाचे विणकाम पुष्कळ वाढते. तरीही तो आपोआप पसरला नाही. सरकारने शिकविणारी माणसे आणि फिरत्या विणकाम शाळा गावोगाव पाठविल्या. विणकराच्या शेजारी बसून धोटा कसा मारायचा, धागा तुटला तर काय करायचे, हे कोणीतरी दाखविले, तेव्हा तो हातात बसला.

चर्चिल यांची बुद्धी मोठी होती, यात शंका नाही. पण गरीब कारागिराला उपयोग झाला तो स्वस्त सुधारणेचा आणि शेजारी बसणाऱ्या माणसाचा.

राहुरीचे डाळिंब, कापड बाजाराचा गल्ला

दुसरा अनुभव आजचा आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ सरकारी पैशाने चालते. तेथील शास्त्रज्ञांनी डाळिंबाचा ‘भगवा’ वाण दिला. याच विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्रातून ‘को ८६०३२’ हा ऊस शेतकऱ्यांकडे गेला. संगमनेर, राहाता भागातील डाळिंबवाले आणि नेवासे, श्रीरामपूर, राहुरी पट्ट्यातील ऊसवाले शेतकरी लग्नसराईत आमच्याकडे बस्ता बांधायला येतात. बागेला भाव चांगला मिळाला की शालू भारी निघतो, बाग तेल्या रोगाने गेली की गिऱ्हाईक सुती साडीवर येऊन थांबते. म्हणून आम्ही म्हणतो की राहुरीच्या प्रयोगशाळेत झालेल्या खर्चाचा अंश आमच्या गल्ल्यात येतो. विज्ञानावरचा खर्च म्हणजे साहेबांची हौस, असे समजणाऱ्या व्यापारी बांधवांनी आपली खतावणी एकदा या नजरेने वाचावी.

परंतु राहुरीचा वाण शेतकऱ्यापर्यंत कसा पोहोचला? मध्ये कृषी विज्ञान केंद्र आहे. आपल्या जिल्ह्यात बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथे अशी केंद्रे आहेत, देशभरात ती सातशेहून अधिक आहेत. तेथील माणूस बांधावर जातो, माती पाहतो, रोपे दाखवितो, शिव्याही खातो. प्रयोगशाळा आणि शेत यांच्यामधला तो पूल आहे.

याच पुलावरून आता एआय शेतात येत आहे. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद केली आणि राहुरीसह राज्यातील चारही कृषी विद्यापीठांना त्यात स्थान दिले. शेजारच्या बारामतीत कृषी विकास ट्रस्टने उसावर हा प्रयोग त्याआधीच सुरू केला होता. हवामान केंद्र, जमिनीतला ओलावा मोजणारी यंत्रे आणि उपग्रहाची चित्रे यांची सांगड घालून पाणी कधी द्यावे, खत किती द्यावे याचा सल्ला शेतकऱ्याच्या फोनवर येतो. शेतकऱ्याला हे मिळते आहे याचा आम्हाला आनंद आहे. त्याची बरकत ती आमची बरकत.

मात्र कारागिराच्या बांधावर जाणारा माणूस कुठे आहे? मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर या यंत्रमागाच्या गावांसाठी पॉवरलूम सर्व्हिस सेंटर आहेत, तेथे काही मार्गदर्शन मिळते. नगरसारख्या जिल्ह्यातला शिंपी, आरीवाला, रंगारी, रफूगर, गादीवाला, छोटा कापडवाला यांच्यासाठी कृषी विज्ञान केंद्रासारखे काही नाही.

कर्जाच्या दारातून येणारी मदत

आणखी एक अनुभव सांगणे जरूर आहे. कापड उद्योगाची यंत्रे सुधारावीत म्हणून केंद्राने १ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना चालविली. नाव आणि नियम बदलत ती ३१ मार्च २०२२ पर्यंत चालली. या योजनेचा मुख्य आधार बँकेचे कर्ज होते. ज्याला कर्ज मिळाले, त्याला व्याजात किंवा भांडवलात सवलत. ज्याचे कागद पुरे नाहीत, ज्याला बँक दारात उभे करीत नाही, त्याच्यासाठी ती सवलत असून नसल्यासारखी. सच्चर समितीने २००६ मध्ये बँकांच्या कर्जात मुसलमानांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने किती कमी आहे, हे मांडले होते. व्याजाच्या कर्जापासून दूर राहणारेही आपल्यात पुष्कळ आहेत.

आता एक लाख कोटींची नवी योजनाही कर्ज आणि भांडवल याच मार्गाने जाणार आहे. मोठ्या संशोधनासाठी तो मार्ग योग्य असेल. लहान कारागिरासाठी मात्र मदतीचा मार्ग शिकवणीचा आणि सामाईक सोयीचा असला पाहिजे. त्याला कर्ज देऊन यंत्र घ्यायला लावण्याऐवजी यंत्र सर्वांसाठी एका जागी ठेवावे आणि चालवायला शिकवावे.

आमचे म्हणणे

पहिली गोष्ट. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा उद्योग केंद्र आहे, आयटीआय आहे. तेथे शेती विस्तार अधिकाऱ्यासारखा एक माणूस नेमावा. त्याने आठवड्यातून एक दिवस बाजारात आणि एक दिवस कारागीर वस्तीत बसावे. बिल, साठा आणि उधारी फोनवर कशी ठेवावी, यंत्राने बनविलेले चित्र कसे ओळखावे, स्वतःच्या नक्षीचे चांगले फोटो काढून दूरच्या गिऱ्हाईकाला कसे विकावे, एवढे त्याने दाखविले तरी पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट भाषेची. सरकारची ‘भाषिणी’ ही योजना जुलै २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात मराठी व उर्दू दोन्ही आहेत. बोललेले लिहून घेणे, एका भाषेतून दुसरीत नेणे, ही कामे तिने साधतात. ज्याला टंकलेखन येत नाही त्याला बोलून हिशेब लिहिता येणे ही लहान सोय नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. मराठी व्यापाराने शिकविली, इंग्रजी अजून शिकतोच आहोत. आमच्यासारख्यांचे या यंत्रांशी नाते जुळायचे असेल, तर ते जिभेने जुळेल, बोटांनी नव्हे.

तिसरी गोष्ट हुनराच्या नोंदीची. माहितीच्या साठ्यासाठी शंभरात दोन रुपये सुद्धा नाहीत. त्यातही कारागिरांची माहिती नसेल, तर उद्याची यंत्रे फोटो पाहून शिकत राहतील आणि नऊ-अकराची चूक करीत राहतील. चाचांसारख्यांचे ज्ञान त्यांच्या नावाने, त्यांच्या परवानगीने आणि योग्य मोबदला देऊन नोंदवावे. फुकट घेऊन त्यांच्याच पोटावर पाय देणारे यंत्र बनवू नये.

आपल्या बाजूचे काम

सरकारला सांगणे सोपे असते. आपल्याकडेही काही काम आहे. आपल्यापैकी किती जणांनी उद्यम नोंदणी केली आहे? १ जुलै २०२० पासून ती संगणकावर विनामूल्य होते. नोंदणी नसेल तर सरकारच्या दृष्टीने आपला धंदा अस्तित्वातच नाही. दुकानातला मुलगा बारावी विज्ञान पास झाला की “गल्ल्यावर बैस” म्हणणारे वडील आपणच आहोत. मुलगी हुशार निघाली तर फीचा हिशेब आधी आणि तिच्या बुद्धीचा नंतर करणारेही आपणच.

आमच्या घरात हाच प्रश्न आज उभा आहे. भाचीला पुढे एम.एस्सी. करायचे आहे. त्यासाठी पुण्याला राहावे लागेल. बहिणीचे घर एका पगारावर चालते. नातेवाइकांत दोन मते आहेत. एवढ्या खर्चात स्थळ पाहा, असे एक. आम्ही दुसऱ्या बाजूला आहोत, पण केवळ मत देऊन भागत नाही, म्हणून पहिल्या वर्षाची फी दुकानातून द्यायची असे ठरविले. अठरा हजार आम्ही एका खोट्या चित्रापायी घालविले. खरे इल्म त्यापेक्षा महाग असणार, हे व्यापारी माणसाने मान्य केलेच पाहिजे.

आमची अट एकच आहे. सुट्टीत नगरला आली की तिने चाचांजवळ बसावे. सध्या दर जुम्याला दुपारनंतर दोघे दुकानाच्या माळ्यावर बसतात. ते बुट्ट्यांची नावे सांगतात, कोणता टाका कोणत्या कापडाला चालतो ते सांगतात. ती फोनमध्ये त्यांचा आवाज भरते, फोटो काढते आणि वहीतही लिहिते. आजवर एकतीस नोंदी झाल्या. चाचांची नजर रोज थोडी कमी होत आहे, म्हणून घाई आहे.

कापड बाजाराच्या आसपास आणि तालुक्याच्या गावांत असे जुने हात अजून आहेत. ज्या दुकानदारांच्या ओळखीत असा कारागीर आणि घरात शिकणारे मूल आहे, त्यांनी आठवड्यातला एक तास दोघांना एकत्र बसवावे. सरकारचा माणूस येईल तेव्हा येईल. तोपर्यंत दुकानाचा माळा रिकामाच आहे.